उमेदीकडे जाणारे बाण

"बाई, ही 'उमेद' म्हणजे काय भानगड आहे?"

परीक्षक म्हणून अमरावतीहून आलेल्या ढोमणे सरांनी जाडजूड प्रबंध उघडून दोन्ही हातांनी उंच धरला आणि ते पान सगळ्या हॉलला दाखवलं. त्रिशला मगदूम फळ्याजवळ उभी होती. तिनं पान बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो, मुद्दाम शिवून घेतलेला आकाशी शर्ट घालून. तेवढ्या लांबूनही मला ते पान ओळखू आलं, कारण ते माझं होतं. बाकी सगळ्या प्रबंधात चारा होता, दूध होतं, दुधाचा दर होता. त्या एका पानावर मात्र माझं काळीज होतं, महिन्यांच्या रकान्यांत नीट मांडलेलं आणि बाणांनी जोडलेलं. तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि अख्ख्या विट्यात आपल्याएवढं डोकं कुणाला नाही, अशी माझी पक्की समजूत होती. या समजुतीला आधार काय, तर मला कॉम्प्युटर येत होता आणि माझ्या ओळखीच्या बाकीच्यांना येत नव्हता. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, गल्लीत जुना छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं असली कामं चालायची. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात मी प्रबंधांच्या अक्षरजुळणीचं दुकान थाटलं होतं. वर पाटी, 'भरतेश चौगुले, संशोधन प्रबंध तज्ज्ञ'. तज्ज्ञ हा शब्द मीच लावलेला.

त्रिशला मगदूम तिथं पहिल्यांदा आली ती जूनमध्ये. जवळच्या खेड्यातली मुलगी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्ग घेतला तर पगार, सुट्टी लागली की हात हलवत घरी. डॉक्टरेट झाली तर कायम व्हायची आशा होती. तिच्या बरोबरीचे सगळे कायम होऊन गेले होते आणि ही अजून महिन्याच्या शेवटी तास मोजत बसायची. प्रबंधावर तिचं सगळं अडलं होतं.

तिचा विषय होता आपल्या तालुक्यातलं दूध. कशामुळे काय होतं, आणि किती महिन्यांनी होतं. पाऊस लांबला तर पुढं चारा कमी, चारा कमी तर त्याच्या पुढच्या महिन्यात दूध कमी, असं. प्रत्येक गोष्टीचा एक गोल काढायचा. तोच गोल दर महिन्याला पुन्हा, डावीकडून उजवीकडे ओळीनं. मग ज्याच्यामुळे ज्याला फरक पडतो, त्या गोलातून पुढच्या महिन्यातल्या त्या गोलात बाण सोडायचा. याला ती कार्यकारण आलेख म्हणायची.

आता मी ज्या पद्धतीनं जुळणी करायचो, त्यात चित्र काढत नाहीत, लिहितात. इथं गोल काढ, त्यात हे नाव घाल, या गोलातून त्या गोलात बाण ने, मध्ये थोडा वाकव, अशा आज्ञा एकाखाली एक लिहायच्या आणि मग कॉम्प्युटर त्याचं सुबक पान करून देतो. एका आलेखाला अशा आज्ञा लिहिता लिहिता माझे डोळे पांढरे झाले. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. त्याला नुसतं सांगायचं, 'चारा, दूध, एक महिना'. बाकीच्या सगळ्या आज्ञा तो स्वतःच लिहायचा, पानंच्या पानं. महिने वाढव म्हटलं की वाढवायचा, बाण एकमेकांवर आले की वाकवायचा.

तो पहिल्यांदा चालला तेव्हा ती पडद्याकडं बघतच राहिली.

"हे तुम्ही एकट्यानं केलंत, चौगुले दादा?"

"हो, मॅडम," मी म्हटलं. छाती फुगली होती, पण त्या 'दादा'नं लगेच हवा गेली.

अण्णा मागून मशीनची तेलाची बुधली घेऊन डोकावले. "दिवसभर गोल आन् बाण काढायला लागलाईस," ते म्हणाले. "सुतारवाड्यातल्या लग्नाच्या पत्रिका कोण छापणार?"

"अण्णा, हे संशोधन आहे."

"मग पत्रिका काय पालापाचोळा हाय?" असं म्हणून ते आत गेले. ती तोंडावर ओढणी धरून हसली. ते हसू मी मनात टिपून ठेवलं. टिपून ठेवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

मग ती येत राहिली. वर्ग संपला की यायची, टेबलाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायची आणि आलेख तपासायची. मी चहा मागवायचो. एकदा मी माझ्या अकलेनं एक जादा बाण घातला होता. तिनं पेन्सिलीनं त्यावर काट मारली.

"हा काढा."

"का, मॅडम? एप्रिलमध्ये दूध कमी झालं आणि मेमध्ये जनावरं आजारी पडली. एकापाठोपाठ एक झालं की."

"पाठोपाठ झालं म्हणून त्याच्यामुळे झालं, असं कुठं असतं? ऊन वाढलं म्हणून दूध आटलं, आणि ऊन वाढलं म्हणूनच जनावरं आजारी पडली. दोघांच्या मागं तिसरंच कुणीतरी असतं बऱ्याचदा. ते आपल्या चित्रात नाही म्हणून ते नाहीच, असं नाही."

"बरोबर आहे," मी मान डोलावली. मान डोलवायला डोकं लागत नाही.

दिवाळी झाली आणि अण्णांनी विषय काढला. "जयसिंगपूरची मंडळी पोरगी बघायला बोलवायला लागलीत. कधी जायचं?"

"जरा थांबा, अण्णा."

"कशापायी? कोण हाय का मनात?"

"तसं नाही."

"मग कसं?"

कसं ते मलाही सांगता येईना. आता साध्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? त्रिशलेला विचारलं असतं. हो म्हणाली असती किंवा नाही म्हणाली असती, विषय संपला असता. पण मी साधा माणूस थोडाच होतो, मी पडलो तज्ज्ञ. मी ठरवलं की आधी सिद्ध करायचं. सिद्ध झालं की विचारायचं कारणच उरत नाही, असा तो बिनतोड विचार होता.

मी तिच्याच कामाच्या फोल्डरमध्ये एक नवी फाइल केली, कारण प्रोग्राम तिथंच चालायचा. तिला नाव दिलं 'नमुना', म्हणजे कुणी बघितलं तरी संशय नको. आणि त्यात माझ्या आयुष्यातल्या गोष्टी घातल्या. 'चहा', म्हणजे ती चहा पिऊन मगच जायची तो. 'बसणे', म्हणजे काम संपल्यावरही ती स्टुलावर बसून राहायची ते. 'हसू' तर आलंच. 'खरवस', कारण सप्टेंबरात त्यांची म्हैस व्याली तेव्हा तिनं डबाभर खरवस आणला होता. आणि 'दादा बंद', कारण ऑक्टोबरपासून तिनं मला दादा म्हणायचं सोडलं होतं आणि नुसतं 'अहो चौगुले' म्हणायला लागली होती. जूनपासून डिसेंबरपर्यंत सगळे गोल बसवले. चहामुळे बसणे, बसण्यामुळे हसू, हसण्यामुळे खरवस, खरवसामुळे दादा बंद. आणि हे सगळे बाण शेवटी उजव्या टोकाला एका मोठ्या, दुहेरी रेघेच्या गोलात जाऊन घुसत होते. त्या गोलाचं नाव 'उमेद'.

काय देखणा आलेख झाला होता म्हणून सांगू! एकसुद्धा बाण दुसऱ्यावर चढला नव्हता. मी अण्णांना सांगून टाकलं, जयसिंगपूरला नाही म्हणून कळवा. अण्णांनी विचारलं, का? म्हटलं, शास्त्रीय कारण आहे.

प्रबंध द्यायची वेळ आली तेव्हा नुसती धांदल उडाली. त्रिशलेनं सगळी प्रकरणं डोळ्यांत तेल घालून तपासली आणि म्हणाली, "परिशिष्टातले आलेख तुम्ही बघा, अहो. तेवढं तुमच्यावर सोडते." मी म्हटलं, निर्धास्त राहा. आणि प्रोग्रामला सांगितलं, फोल्डरमधले आहेत तेवढे सगळे आलेख क्रमानं परिशिष्टात घाल. तो बिचारा सांगितल्या कामाचा. त्यानं आहेत तेवढे सगळे घातले. वर मथळाही दिला, 'नमुना: महिनानिहाय कार्यकारण आलेख'. त्या पानाचे समास मी स्वतः तपासले. तपासताना हे पान देखणं आलंय एवढंच माझ्या डोक्यात आलं. चारही बाजूंनी समान जागा आहे ना, एवढं बघून मी पुढं गेलो. आणि ते पान बांधणीवाल्याकडं गेलं, तिथून विद्यापीठात, तिथून अमरावतीला ढोमणे सरांच्या घरी.

तर असे आम्ही कॉलेजच्या त्या हॉलमध्ये आलो होतो. मार्च महिना, वर पंखे गरगरत होते. आमच्याकडं तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. कॉलेजातले प्राध्यापक, सेकंड इयरची पोरं, त्रिशलेचे आईवडील, चुलतेसुद्धा आले होते. आणि समोर तो 'उमेद'चा गोल.

"सांगा न, बाई," ढोमणे सर म्हणाले. "चारा समजला, दूध समजलं. खरवसही दुधातच बसवून घेतो मी. पण हे 'हसू' काय आहे? आणि 'दादा बंद'?"

पोरांमध्ये खसखस पिकली. त्रिशलेचे मार्गदर्शक कुंभोजकर सर चष्मा पुसायला लागले. परिशिष्ट त्यांनी उघडलंच नव्हतं हे त्या पुसण्यावरून कुणालाही कळलं असतं.

त्रिशलेनं आपल्या हातातल्या प्रतीत ते पान काढलं. वाचलं. अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे, जून ते डिसेंबर. मग तिनं मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडं एकदाच बघितलं. मी खुर्चीत इतका खाली घसरलो की पुढच्या माणसाच्या मानेवरचे केस तेवढे दिसायला लागले. मनात म्हटलं, गेली हिची डिग्री, गेली हिची नोकरी, आणि कुणामुळे तर माझ्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदाच मी सोडलेला बाण बरोबर लागला होता.

"सर," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, मग सावरला. "हा नमुना आलेख आहे. आलेख चुकतो कसा, हे दाखवण्यासाठी घेतलेला."

"असं होय?"

"हो हो," कुंभोजकर सर घाईघाईनं म्हणाले. "मीच सुचवलं होतं."

"उत्तम. मग कसा चुकतो ते दाखवा फळ्यावर."

तिनं खडू उचलला, तशी मी हळूच मान वर काढली. माझा आलेख तिनं फळ्यावर जसाच्या तसा उतरवला, म्हणजे मोठ्या अक्षरांत, मागच्या रांगेतल्या पोरांनाही वाचता येईल असा. मग ती बोलायला लागली, आणि काय सांगू, वर्गात कशी शिकवत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"समजा, एक व्यक्ती एका दुकानात कामासाठी येते. दुकानदार तिची निरीक्षणं नोंदवतो. ती चहा पिते, ती बसून राहते, ती हसते. हे सगळं एकापाठोपाठ घडतं. मग तो त्यांना बाणांनी जोडतो. ही पहिली चूक." तिनं चहा आणि बसणे यांमधल्या बाणावर काट मारली. "चहा समोर आणून ठेवला तर माणूस पितो, सर. दुकानदारानं मागवला नसता तर प्याला नसता." दुसरी काट. "खरवस गल्लीत सगळ्यांना वाटतात. म्हैस व्याली हे त्याचं कारण." तिसरी काट. "संबोधन बदललं, कारण ओळख जुनी झाली की माणसं नावानं हाक मारायला लागतात." चौथी. "ज्याला जे हवं असतं तिकडंच त्याचे सगळे बाण जातात. हा निरीक्षकाचा दोष."

पोरं वहीत उतरवून घेत होती. माझं काळीज फळ्यावर होतं आणि सेकंड इयरची पोरं ते नोट्समध्ये लिहून घेत होती.

"पण बाई, बसणं?" ढोमणे सरांनी बोट नाचवलं. "काम झाल्यावरही ती बसून राहते, असं दिसते. त्याचं काय?"

"त्याच्यामागं एक तिसरी गोष्ट आहे, सर, जी या आलेखात घेतलेलीच नाही." तिनं एक तुटक रेघांचा गोल काढला आणि त्यात लिहिलं, 'वडाप'.

"वडाप म्हणजे? आमच्याकडे नाही हा शब्द."

"खेड्याला जाणारी जीप, सर. माणसं भरल्याशिवाय ती सुटत नाही. थांबा दुकानाच्या समोरच होता. वडाप भरेपर्यंत त्या व्यक्तीला कुठंतरी बसणं भाग होतं. ती दाराकडं बघायची ते जीप भरली का ते बघायला. आणि जीप भरली की सुटल्यासारखं वाटून हसायची. बसणं, बघणं, हसू, सगळ्याचं कारण एकच. वडाप."

हॉल टाळ्या वाजवायला लागला. तिचे चुलतेही वाजवायला लागले, त्यांना काय कळलं होतं देव जाणे. मी मात्र बसल्या जागी गार पडलो. वडाप! रोज त्या जीपचा ड्रायव्हर माझ्या दारात उभा राहून गावाची नावं ओरडायचा आणि मी दार लावून घ्यायचो, आत प्रेमाचा प्रोग्राम चाललाय म्हणून. माझी सगळी उमेद एका भरत नसलेल्या जीपमधून निघाली होती. हसावं की रडावं ते कळेना, पण एक बरं वाटलं, हिची डिग्री वाचली.

"झकास," ढोमणे सर म्हणाले. "एक शेवटचं विचारतो. वडाप हेच कारण आहे, असं तुम्ही म्हणता. पण तेही तुमचं म्हणणंच झालं न? ते तपासायचं कसं?"

"थांबा हलवून बघायचा, सर," ती लगेच म्हणाली. "थांबा दुसरीकडं नेला, आणि काम झाल्यावरचं त्या व्यक्तीचं बसणं बंद झालं, तर वडाप हे कारण. नाहीतर नाही."

"बरोबर. मग हलवला का कोणी थांबा?"

तिच्या हातातला खडू तिथंच थांबला.

हे मात्र मला ठाऊक होतं. गर्दी होते म्हणून नगरपालिकेनं तो थांबा दसऱ्याच्या सुमाराला गावाच्या दुसऱ्या टोकाला, खानापूर नाक्यापलीकडं नेला होता. पण मला ते आठवलं तेसुद्धा 'बरं झालं, दारातला आरडाओरडा गेला' एवढंच. ढोमणे सरांना हे कळायला मार्ग नव्हता. हॉलमध्ये ज्यांना कळत होतं त्यांना हे दुकान कुठलं ते ठाऊक नव्हतं. ती 'नाही, सर' म्हणाली असती तर परीक्षा तिथं संपली असती, पेढे निघाले असते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नाही म्हणा मॅडम, नाही म्हणा.

"हलवला, सर," ती म्हणाली. "दसऱ्याला. गावाच्या दुसऱ्या टोकाला."

"मग बसणं बंद झालं?"

तिनं फळ्याकडं बघितलं, ढोमणे सरांकडं बघितलं.

"नाही, सर. वाढलं."

"म्हणजे जीप एकीकडे, आणि ती व्यक्ती दुसरीकडेच बसत होती?"

"हो, सर. आणि मग जीपपर्यंत चालत जात होती."

"मग बाई, तुमची हरकत टिकत नाही."

"नाही, सर," ती म्हणाली. "टिकत नाही." आणि तिनं फडकं घेऊन तो तुटक गोल पुसून टाकला. तिचे कान लालबुंद झाले होते. पुढच्या रांगेत तिची आई एकदम ताठ झाली आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडं बघायला लागली.

कुंभोजकर सरांचा चष्मा तर पुसून पुसून झिजला असेल. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? ऐका, आणि मग मला तज्ज्ञ म्हणा. माझ्या डोक्यात आलं की हरकत टिकली नाही, म्हणजे नापास झाली. बस्स, एवढंच आलं. इतक्या लोकांसमोर एक पोरगी खडू हातात घेऊन काय सांगून गेली हे तिथल्या शेंगा खात बसलेल्या शिपायाला कळलं, मला नाही कळलं. मी पुढच्या माणसाच्या मागून वाकून निघालो, दार गाठलं आणि निकाल ऐकायच्या आत दुकानात पळून आलो.

दुकानात येऊन मी काय करावं? तर तो प्रोग्राम पुसून टाकायला बसलो. आत अण्णांचं मशीन धडधडत होतं. मी एकेक फाइल काढून टाकत होतो तेवढ्यात दारात सावली पडली. त्रिशला आली होती, हातात तो प्रबंध. चालत आल्यामुळे धाप लागली होती.

मी उठून उभा राहिलो. "मॅडम, माझं चुकलं. मी विद्यापीठात जाऊन सांगतो. लेखी देतो. कुलगुरूंचे पाय धरतो. परीक्षा परत घ्या म्हणतो."

"डिग्री मिळाली," ती म्हणाली.

"मिळाली?"

"मिळाली. ढोमणे सर म्हणाले, आपली हरकत आपणच मोडून काढणारी विद्यार्थिनी बऱ्याच वर्षांनी बघितली."

मी मटकन खाली बसलो. मला इतका आनंद झाला की हसायलाच आलं, आणि ते हसू बघून तिचं डोकं फिरलं.

"हसताय काय? बसलात काय? मी काय पेढे द्यायला आले नाही इथं." तिनं प्रबंध टेबलावर आपटला आणि ते पान काढलं. "हे बघा. जून ते डिसेंबर. ती येते, ती बसते, ती हसते, ती खरवस आणते. सगळं ती करते. ढोमणे सरांनी बाहेर येताना मला हळूच विचारलं, बाई, या चित्रात तो काय करतो?"

"मी..."

"मी सांगितलं, सर, तो आलेख काढतो." तिचा आवाज चढला. "एवढा वेळ बसून माझी नोंद ठेवलीत. मी कधी हसले ते लिहिलंत, कधी दादा म्हणायचं सोडलं ते लिहिलंत. तुमच्याकडून माझ्याकडं येणारा एक बाण दाखवा यात. एक! आणि उमेद मात्र दुहेरी रेघेत. जे तुम्ही इथं, या टेबलाशी, दोन शब्दांत विचारायचं, ते मला माझ्या आईबापासमोर, चुलत्यांसमोर, सेकंड इयरच्या पोरांसमोर फळ्यावर सांगावं लागलं. लाज वाटून मेले मी तिथं. आणि तुम्ही? पळून आलात!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं होतं की कशाचं ते मला कळलं नाही, पण त्या पाण्यानं मला बाकीचं सगळं एकदम कळलं. फळा कळला, पुसलेला गोल कळला, लाल झालेले कान कळले.

"म्हणजे मॅडम, आता जर समजा, उदाहरणार्थ..."

"उदाहरणार्थ नको!"

आतलं मशीन बंद झालं. दुकानात एकदम शांत झालं, आणि पडद्यामागून अण्णांचा आवाज आला, "अरं विचार की बाबा! मी कधीचा हात थांबवून उभा हाय!"

मग मी विचारलं. कसं विचारलं ते सांगायची सोय नाही. वाक्य मध्येच मोडलं, एकदा 'मॅडम' म्हणालो, एकदा 'त्रिशला' म्हणालो, आणि शेवटी 'आपल्या घरच्यांची हरकत नसेल तर' असं एखाद्या सरकारी अर्जासारखं काहीतरी म्हणालो. पण विचारलं. तिच्या तोंडाकडं बघून विचारलं.

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"हो," ती म्हणाली. "आणि हेच दसऱ्याला विचारलं असतंत, तर मी तेव्हाच डॉक्टर झाले असते. प्रबंध माझा तेव्हाच तयार होता. पुढचे सगळे बाण मी उगीच बदलायला लावत होते, मूर्ख माणसा."